कोणाच्या घरची मूठ

आपल्या चर्चच्या पाळकीणबाई म्हणाल्या, तू चाकणला जाऊन आलीस ते लिहून काढ, महिला मंडळात वाचू. मी म्हणलं बाई, मी आठवी नापास, मला कुठलं लिहिता येतंय. तर म्हणाल्या, बोलतेस तसं लिही, तुझं बोलणं थांबतंय कुठं. म्हणून हे लिहितेय. माझी लेक एस्तू मांडीवर आहे आणि पेन ओढतेय, अक्षर वाकडं आलं तर ते तिचं समजा.

तुमच्यातल्या बऱ्याच जणी तिकडं गेलेल्या नाहीत, मीपण गेले नव्हते. आमचे हे दोन वर्षं झाली तिकडं कंपनीत आहेत. महिन्यातून एकदा येतात आणि एस्तू त्यांना बघून रडते, पाहुणा समजून. गेल्या वेळी तर ती त्यांच्याकडं जाईचना. हे ताटावरनं अर्धपोटी उठले. तेव्हा ठरलं की आता तिघांनी एकत्र राहायचं, खोली बघायची. आणि मी तर अशी घाबरट. मी कशाला घाबरत नाही ते विचारा, कुत्र्याला घाबरते, रस्ता ओलांडायला घाबरते, मंडळीत उभं राहून प्रार्थना कर म्हणलं की मी शेजारणीच्या मागं लपते हे तुम्ही पाहिलंयच.

सोमवार, चाकण

एसटीचं काय सांगू, एस्तू दोनदा ओकली, एवढं पुरे.

चाकणच्या चौकात उतरले आणि एस्तूला छातीशी धरून जागच्या जागी उभीच राहिले. एवढे मोठे ट्रेलर की चाकंच माझ्या डोक्याएवढी. एकावर नव्या कोऱ्या गाड्या रचलेल्या, खाली वर खाली वर, आपण घडवंचीवर गोधड्या रचतो तशा. धूळ, कांद्याचा वास, डिझेलचा वास. हे समोरून हात करत आले आणि एस्तू रडली, पण यावेळी ट्रेलरला बघून रडली असं मी त्यांना सांगितलं.

आधी त्यांनी त्यांची खोली दाखवली. चार माणसं आणि दोन गाद्या. एकजण शिफ्टला गेला की दुसरा येऊन त्याच जागी झोपतो. हे हसून म्हणाले, आमची गादी कधी गार होत नाही. मी गादीला हात लावला, खरंच गरम होती. मला हसू आलं नाही.

नवी खोली तिथून जवळच, चाकणच्या मागच्या अंगाला एका वाडीत. घरमालकीण हिराबाई, वय असेल साठीच्या पुढं, नाकात नथ नाही पण नथ घातल्यासारखी मान ताठ. घरामागं पत्र्याच्या दहा खोल्यांची चाळ, सगळ्या कंपनीवाल्यांना दिलेल्या. त्यातली एक, एक तारखेला रिकामी होणार होती आणि तिच्यावर पाचजणांचा डोळा. हिराबाई अंगणात घसरून पडल्या होत्या, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मुलगा आणि सून दोघं कंपनीत, पहाटे जातात. तर त्या यांना म्हणाल्या, बायकोला आणा, धा दिवस माझ्या घरी ऱ्हाऊ दे, माझा सैपाक करू दे, मी बघते तिला, मग खोलीचं ठरवू. म्हणजे मी पाहुणी नव्हते, परीक्षेला बसले होते, आणि परीक्षेचा माझा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

मी दारातच सांगून टाकलं की मावशी, आम्ही ख्रिस्ती आहोत. नंतर कळायला नको. हिराबाई म्हणाल्या, “देव कंचा का असंना, भाकरी येती न्हवं?”

भाकरी येते म्हणलं. पहिली भाकरी टाकली तर म्हणाल्या, नगरकडची भाकरी लई मोठी बाई, तुमच्यात माणशी एकच खात्यात का. पण दोन खाल्ल्या.

इंद्रायणी

तिकडं भात रोज लागतो, आपल्यासारखा सणावारी नाही. हिराबाईंचा तांदूळ इंद्रायणी, शिजताना असा वास सुटतो की चाळीतली माणसं दारात येऊन नाक वर करतात. भात चिकट होतो, मी पहिल्या दिवशी घाबरले की बिघडला, तर तो तसाच असतो. वर आमटी आणि कच्चा कांदा. एस्तू आपल्याकडं भात थुंकते, तिथं बोटं चाटत होती.

हा तांदूळ त्यांच्या स्वतःच्या वावरातला, भामा नदीच्या कडेचा. ते वावर आता गेलं, तिथं कंपनीची भिंत आहे, हिराबाईंनी मला लांबून हात करून दाखवली. घरात त्याचं शेवटचं पोतं उरलंय. आतल्या खोलीत पाटावर ठेवलंय आणि दर सोमवारी त्यातून मापट्यानं आठवड्याचा तांदूळ डब्यात काढायचा, तो रविवारपर्यंत पुरवायचा, असा त्यांचा नेम. मी आले म्हणून दोन मापटी जास्त काढली. मला म्हणाल्या, “ह्यो सरला की सरला. मंग आमी बी तुमच्यावानी दुकानातला खानार.”

आता मला जे लिहायचंय ते इथं येतं आणि माझा हात जड झालाय.

आपल्या मंडळीत प्रत्येक बाई चूल पेटवली की आधी प्रभूची मूठ काढून ठेवते आणि रविवारी चर्चच्या दारातल्या पोत्यात ओतते, ओतताना कोणाच्या घरची ते नाव घेते, आणि ते धान्य गावातल्या नडलेल्या घराला जातं. तुम्हाला हे काय सांगायचं, पण हे दुसऱ्या कोणाच्या हातात पडलं तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. तुम्ही ती आनंदानं काढता. मी भीतीनं काढते. एस्तू तीन महिन्यांची होती तेव्हा घरात पीठ थोडं होतं म्हणून एका संध्याकाळी मी मूठ काढली नाही, आणि त्याच रात्री तिला ताप भरला. चार दिवस सरकारी दवाखान्यात. मला कोणी काही म्हणलं नाही, सासूबाईपण नाहीत, मीच मनात गाठ मारली की मूठ चुकली की पोर जाईल. त्या दिवसापासून एक वेळ चुकवली नाही.

तर तिकडं, दुसऱ्याच्या चुलीपुढं, माझा हात आपोआप डब्यात गेला. एक मूठ तांदूळ काढला आणि एस्तूच्या दुधपावडरीच्या रिकाम्या डब्यात टाकला. डबा पिशवीत, माझ्या साड्यांच्या खाली. सकाळी एक, संध्याकाळी एक. विचारावं असं दोनदा ओठावर आलं. पण मला वाटलं हिराबाई म्हणतील आमच्या घरात हे तुमचं कशाला, आणि खोली जाईल. आणि मूठ काढली नाही तर एस्तू जाईल. मग मी न विचारता काढत राहिले. खरं सांगते, मला ती चोरी वाटलीच नाही. देवाची मूठ, तिला कोण चोरी म्हणेल.

शनिवार

चाळीतल्या तिसऱ्या खोलीत सरूबाई राहते, परभणीकडची, माझ्याच वयाची, दोन लेकरं, नवरा माल भरायच्या कामावर. ती हिराबाईंकडं भांडी आणि झाडू करायची. बोलायला तिखट पण एस्तूला बघून तिनं पहिल्या दिवशी स्वतःच्या पोराचं टोपडं आणून दिलं होतं.

शनिवारी दुपारी मी डब्यात मापटं घातलं आणि ते तळाला लागून वाजलं. हिराबाईंनी ऐकलं. उठून आल्या, डाव्या हातानं डबा तिरका करून बघितला. म्हणाल्या, दोन मापटी जास्तीची घातली व्हती, आन् सोमवार यायच्या आधीच सरला? मी अंग चोरून मेथी निवडायला बसले.

सरूबाई दारात भांडी घासत होती. हिराबाईंनी तिला तिथूनच विचारलं. ती म्हणाली, मला कामून विचारलाव मावशी, मी डब्याला हात लावला नाही, लेकराची आण. हिराबाईंचा आवाज चढला. चाळीतल्या बाया दारात आल्या. आणि हिराबाई माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, “ही जेवायच्या आधी डोळं मिटनारी पोर, ही घेनार व्हय? राहिलं कोन?” मग म्हणाल्या, सोमवारपासनं येऊ नगंस.

सरूबाईनं भांडी तशीच टाकली, राखेचे हात पदराला पुसले आणि गेली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं.

मी बोलले नाही. हे मी तुमच्यासमोर लिहितेय. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते आणि मी मेथीची देठं मोडत बसले. संध्याकाळी दुकानातला तांदूळ आणला, आणि बाई, मी त्यातलीपण मूठ काढली.

रविवार, पिंपरी

यांच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी असते, आपल्याला नवल वाटेल. रविवारी उपासनेला जायचं म्हणून यांनी दोस्तासोबत शिफ्ट बदलली. चाकणहून बसनं मोशी, भोसरी, नाशिक फाटा आणि तिथून दोन स्टेशनं मेट्रो. मेट्रोपेक्षा तो सरकता जिना. मी पहिल्या पायरीपाशी अशी थांबले की मागं रांग लागली, एक काकू म्हणाल्या, चल गं, तो काय चावतोय का, आणि दंडाला धरून वर नेलं. वर पोचल्यावर त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथं मानते.

चर्च मोठं आहे, पंखे किती, पण दारात तेच आपलं पोतं. बघून माझा जीव भांड्यात पडला. पोत्याजवळ पिकल्या केसांची एक बाई स्टुलावर बसलेली. मी पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि तांदळाचा वास आला, हिराबाईंच्या सैपाकघराचा. ती बाई हसून आपल्या ख्रिस्ती लोकांसारखंच म्हणाली, “सलाम बाई. कोणाच्या घरची?”

तिथंपण नाव घेऊनच ओततात.

माझं नाव घ्यावं तर तांदूळ माझा नाही. हिराबाईंचं घ्यावं तर त्यांनी दिला नाही. मी डबा धरून उभी, मागं बाया थांबलेल्या, एस्तू डब्यात हात घालतेय. आणि मला सरूबाईचे राखेचे हात दिसले. मी म्हणलं, “ज्यांची आहे त्यांना विचारलेलं नाही.”

ती बाई रागावली नाही, कुजबुजलीपण नाही. डब्याचं झाकण तिनंच लावलं आणि म्हणाली, “मग विचारून आण. पोतं इथंच आहे, आणि प्रभूही इथंच आहे.”

उपदेश काय झाला मला सांगता येणार नाही. मी डबा पायाशी ठेवून बसले होते. तुम्हाला माहीत आहे माझी प्रार्थना एकच, एस्तूला सांभाळ, एस्तूला सांभाळ, एस्तूला सांभाळ. त्या दिवशी पहिल्यांदा मी एस्तूसाठी काही मागितलं नाही. तिला तो सांभाळतोच, मी तांदूळ टाकून विकत घेतेय का तिला. मी एवढंच मागितलं की माझं तोंड उघडू दे.

परत जाताना मेट्रोच्या फलाटावर यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, “हिराबाई आज खोलीचं सांगणार आहेत. उद्या सांग ना.”

त्यांचं चुकलं असं नाही. दोन वर्षं गरम गादीवर झोपलेला माणूस आहे. पण मी म्हणलं, “अहो, उद्या सोमवार. उद्यापासून सरूबाईला काम नाही.” त्यांनी एस्तूला माझ्या कडेवरून घेतलं. ती रडली नाही, ते त्यांच्या आणि माझ्या दोघांच्या लक्षात आलं.

हिराबाई ओट्यावर बसून डाव्या हातानं कांदे निवडत होत्या. मी डबा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, ह्यो माझा हाय. मी बसलेच नाही, उभ्यानं सगळं सांगितलं, मूठ, ताप, दवाखाना, साड्यांच्या खाली लपवलेला डबा, मेथी. धाप लागली मला. हे माझ्या मागं एस्तूला घेऊन उभे.

हिराबाई म्हणाल्या, “मागितला असता तर न्हाई म्हनले असते व्हय मी?”

मी म्हणलं, “मी भ्याले.”

“मला भ्यालीस. देवाला चोरून आनल्यालं द्यायला न्हाई भ्यालीस.”

मग त्या कांदे बाजूला सारून उठल्या. म्हणाल्या, “माझं ऱ्हाऊ दे. सरूच्या दारात चल. मी बी येते. नाव मीच घेतलंय, चाळीदेखत.”

आणि आम्ही गेलो, प्लास्टरवाली म्हातारी पुढं आणि मी मागं. हिराबाईंनी चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं की सरूनं तांदूळ घेतला नव्हता, माझं चुकलं. मी सांगितलं की मी घेतला. सरूबाईचा नवरा खाली बघत होता. सरूबाई मला म्हणाली, “मावशी म्हाताऱ्या हायेत, त्यांचं जाऊ दे. तू तर तिथंच बसून भाजी निवडलीस.”

मी म्हणलं, “हो.”

तिनं दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

उरलेले दिवस

सोमवारी ती कामाला आली. मी चहा दिला तर तो गार होऊ दिला. मी म्हणलं बरोबर आहे, माफी मागितली की लगेच मिळाली पाहिजे असं कुठं लिहिलंय. मी रोज चहा देत राहिले.

आणि मूठ काढायची मी बंद केली, कारण तिथं माझं असं काही नव्हतंच ज्यातून काढावी. आता ऐका, सोमवारीच एस्तूला सर्दी झाली. नाक वाहतंय, किरकिर. संध्याकाळी तांदूळ धुताना माझा हात आपोआप बाजूला मूठ धरायला लागला, मी तो हात तसाच पाण्यात दाबून धरला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण मी म्हणलं प्रभू, ही सर्दी आहे, ही नुसती सर्दी आहे. हिराबाईंनी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायला लावली. दोन दिवसांत गेली.

बुधवारी सरूबाईनं न विचारता एस्तूला उचलून काखेत घेतलं आणि एका हातानं झाडू मारायला लागली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “केवढी जड हाय तुझी पोरगी. देवाची मूठ हिलाच चारलीस का काय.”

हिराबाई हसल्या, मग मी हसले, मग मला रडू आलं, मग सरूबाई म्हणाली, रडू नको, चहा कर, गरम दे. मी दिला. तिनं पिला.

खोलीचं हिराबाईंनी बोलताबोलताच सांगितलं. एक तारखेपासनं या. यांना तर पुन्हा विचारावं लागलं, खरंच का. तर म्हणाल्या, “खरंच. पर मूठ काढायची ती तिच्या सोताच्या डब्यातनं.”

गुरुवारी सकाळी निघताना मी पिशवी भरत होते. दुधपावडरीचा डबा रिकामा होता, तांदूळ मी रविवारीच हिराबाईंच्या पोत्यात परत ओतला होता. हिराबाईंनी तो डबा मागितला आणि आतल्या खोलीत पोत्यापाशी नेला. मग सरूबाईला हाक मारली. म्हणाल्या, “माझा उजवा प्लास्टरात हाय, आन् डाव्या हातानं देवाला देऊ नये. सरू, तू घाल.”

सरूबाई दारात थबकली. ज्या तांदळावरून तिचं नाव घेतलं तेच पोतं, शेवटचं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि कोपरापर्यंत हात पोत्यात घातला. एक मूठ डब्यात टाकली. हिराबाई म्हणाल्या, आनखी. अशा तीन मुठी झाल्या. तिसरी टाकल्यावर सरूबाईनं तळहाताला चिकटलेले दाणेसुद्धा झटकून डब्यात पाडले, एकपण हाताला ठेवला नाही.

येताना एसटीत तो डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. एस्तू ओकली नाही.

मी आता एक तारखेला तिकडं चाललेय. भीती गेली असं मी लिहिणार नाही, त्या ट्रेलरला मी आयुष्यभर घाबरणार. पण देवाला मी जशी घाबरायचे तशी आता घाबरत नाही, तो काही माझ्या मुठी मोजत बसलेला नाही, हे मला आपल्या चर्चमध्ये इतकी वर्षं बसून कळलं नव्हतं ते दुसऱ्याच्या सैपाकघरात कळलं. हिराबाईंचे आभार, सरूबाईचे आभार, त्या स्टुलावरच्या बाईचे आभार, जिन्यावरच्या काकूंचे तर मानलेच.

गेल्या रविवारी मी आपल्या पोत्यात तो डबा ओतला. पाळकीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं, कोणाच्या घरची. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, हिराबाईंच्या घरची, सरूबाईच्या हातची. त्या म्हणाल्या, ह्या कोण गं, आपल्या मंडळीतल्या तर नाहीत. त्याचं उत्तर दारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं, म्हणून तर त्यांनी लिहायला लावलं.

डबा अजून धुतलेला नाही. झाकण काढलं की वास येतो.